स्वमग्न मूल आणि आपला वर्ग

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे दारे नसलेल्या घरांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. चौकट असते, कवाड नसते. 2011 साली युको बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा तिचीही मोठी चर्चा झाली. गावकऱ्यांच्या श्रद्धेचा आदर राखूनच एक प्रश्न मनात येतो. अशा गावात एखाद्या घरी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले मूल असेल, तर त्याच्या आईचा दिवस कसा जात असेल? अशी बरीच मुले नजर चुकवून घराबाहेर चालू लागतात. त्यात शनिवारची आणि शनी अमावास्येची गर्दी, भोंगे, गाड्यांचे हॉर्न. ज्या मुलाला कुकरची शिट्टीही सोसत नाही, ते कानांवर हात दाबून किंचाळेल, नाही तर वाट फुटेल तिकडे धावेल. या आईला शाळेचा आधार हवा असतो. शाळेत प्रवेश तर मिळतो, पण वर्गात त्या मुलाचे पुढे काय होते?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीशकुमार पांडेय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: सर्वसाधारण शाळांतील इतर शिक्षकांनाही या मुलांना सांभाळून घेण्याचे सक्तीचे प्रशिक्षण द्यावे. म्हणजे ही जबाबदारी एकट्या विशेष शिक्षकाची नाही.

पण प्रशिक्षण कसले? लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमचे वर्णन केले. त्यानंतर अनेक वर्षे शिकवण्याचा रोख एकच होता: मूल चारचौघांसारखे दिसले पाहिजे. डोळ्यांत बघ, हात हलवू नको, गप्प बस. 1990 नंतर स्वमग्न प्रौढ माणसे स्वतः बोलू लागली. आमचा मेंदू वेगळ्या रीतीने चालतो. ते सतत लपवण्यातच आमची शक्ती संपते, असे त्यांचे म्हणणे. मेंदूंच्या या विविधतेला न्यूरोडायव्हर्सिटी हे नाव त्याच दशकात मिळाले. 2012 साली ब्रिटनमधील डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने मांडले की न समजणे दोन्ही बाजूंचे असते. त्याला आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाही. म्हणून नव्या प्रशिक्षणाची सुरुवात शिक्षकापासून होते.

यात शिक्षक काय शिकतो? मूल नजरेला नजर देत नाही म्हणून ते ऐकत नाही, असे समजायचे नाही. ते पुढे-मागे झुलते, हात फडफडवते, ते स्वतःला शांत करण्यासाठी. मकतबात सिपारा वाचताना सगळीच मुले झुलतात, तिथे कोणी हटकत नाही. मग गणिताच्या तासाला झुलणाऱ्या मुलाला छडी कशाला? दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. तास बदलण्याआधी, घंटा होण्याआधी सांगावे. मन भरून आले की बसायला एक शांत कोपरा द्यावा. बोलता येत नसेल तर चित्रे दाखवून किंवा लिहून दिलेले उत्तर पूर्ण उत्तर मानावे.

याचा अर्थ सगळे चालवून घ्यावे असा नाही. मूल डोके आपटत असेल, रस्त्यावर धावत असेल, तर थांबवायलाच हवे. पण कारणही शोधायला हवे. आवाज, भूक, दातदुखी, ऐन वेळी बदललेले वेळापत्रक, काहीही असू शकते. वाचा-उपचार लागतात तिथे ते घ्यावेतच.

आपल्या घरांचा एक प्रश्न खास आहे. घरी दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, मकतबात अरबी. "एकच भाषा बोला, मूल गोंधळते," असा सल्ला पुष्कळ पालकांना मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मूल अधिक मागे पडते, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. दादी-नानीची बोली तोडली तर मुलाची जवळची माणसे मात्र तुटतात.

दुसरा प्रश्न आपल्या समजुतींचा. कोणी नजर लागली म्हणते, कोणी जिन्नाचा असर, कोणी आईलाच दोष देते. दुआ जरूर करावी, पण आईला दोष देणे थांबवावे आणि तपासणी लांबवू नये. सूरह अबस (80) आठवा. दृष्टिहीन अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) शिकायला आले, तेव्हा प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. त्या क्षणीच्या दुर्लक्षाबद्दल अल्लाहने आपल्या लाडक्या प्रेषितांना समज दिली. पुढे हेच सहाबी मदिनेत अजान देत असत. शिकायला आलेल्याचा मान किती मोठा, हे यातून कळते. आपल्या मकतबांतील उस्तादांनीही हे प्रशिक्षण घ्यायला हवे.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा. आपल्या शिक्षकांपैकी किती जणांनी ऑटिझमचे प्रशिक्षण घेतले आहे? एनसीईआरटीची 2022 ची 'प्रशस्त' ही तपासणी सूची शाळेत वापरली जाते का? तालुक्याच्या गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येतात? तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढण्यात संकोच नको. परीक्षेतील सवलती आणि योजना त्यावरच मिळतात. तुमचे स्वतःचे मूल स्वमग्न नसले तरी हे प्रश्न विचारा, कारण ज्या आईला विचारायचे असते ती बहुधा मुलाला सोडून सभेला येऊ शकत नाही.

अल्लाह आपल्या सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.