बेगमी लेबनॉनची

परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात एक पिशवी अशी असते, की वजनकाट्यावर तीच आधी कमी करायला हवी असते आणि तीच कधी कमी केली जात नाही. मेतकुटाचा डबा, तुपातल्या दशम्या, चिवडा, लसणाची चटणी आणि 'असू दे, लागेल' म्हणून शेवटच्या क्षणी कोंबलेली गुळपापडी. एप्रिल २०१९ मध्ये आम्ही पाच जण लेबनॉनला निघालो तेव्हाही ही पिशवी होतीच. मुलीची दहावीची परीक्षा संपली होती, धाकटा भाऊ दुबईत नोकरीला होता आणि तिथून बैरुत जेमतेम चार तासांवर. आई बाहत्तर वर्षांची, रत्नागिरीकडची, शुद्ध शाकाहारी आणि मधुमेही. तिच्या जेवणाचे काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. त्याचे उत्तर म्हणजे ती पिशवी, असे आम्ही गृहीत धरले होते.

लेबनीज जेवणाविषयीची आमची कल्पना शावरमाच्या पलीकडे गेलेली नव्हती. उभ्या सळईवर फिरणारे मांस, पोळीत गुंडाळलेले त्याचे काप आणि वर अंड्याच्या मेयॉनेजचा सढळ हात, हे पुण्या-मुंबईच्या नाक्यांवरचे चित्र. प्रत्यक्षात 'शावरमा' हा शब्दच मुळी 'फिरणे' या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आलेला. चारशे वर्षांच्या ऑटोमन राजवटीची ती खूण. पुढे स्थलांतरित लेबनीजांनी ही फिरती सळई मेक्सिकोत नेली आणि तिथे तिचा 'ताकोस अल पास्तोर' झाला. लसणाच्या ज्या पांढऱ्या चटणीची आपल्याकडे मेयॉनेज घालून विटंबना होते, त्या 'तूम'मध्ये अंडे नसतेच. लसूण आणि मीठ खलात एकजीव कुटायचे आणि त्यात तेलाची बारीक धार व लिंबाचा रस आलटून पालटून सोडत घोटत राहायचे. लसणाच्याच गुणाने ते मिश्रण लोण्यासारखे फुलते.

पण हे सारे ज्ञान नंतरचे. बैरुतमधल्या पहिल्याच रात्री एका उपाहारगृहात आम्ही 'भाजीचे काही' मागितले. वाढप्याने मान डोलावली आणि द्राक्षाच्या पानांच्या सुबक सुरळ्या आणून ठेवल्या. आईला त्या अळूच्या वड्यांच्या नात्यातल्या वाटल्या. तिने एक उचलली, अर्धी खाल्ली आणि थांबली. आत भाताबरोबर खिमा होता. ती काही बोलली नाही. उठून तोंड धुऊन आली आणि त्यानंतर दोन दिवस तिने बाहेरच्या कशालाही हात लावला नाही. दशम्या संपत आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतल्यानंतर तिचे हात थरथरू लागले, घाम फुटला. गुळपापडीच्या दोन वड्यांनी वेळ निभावली खरी. पण त्या दिवशी भावाने परतीची तिकिटे अलीकडची मिळतात का, याची चौकशी सुरू केली.

त्याच दुपारी आम्ही देर अल-कमर या गावी मुक्कामाला पोचलो. बैरुतच्या आग्नेयेला, शूफच्या डोंगरातले हे जुने दगडी गाव. लेबनॉनचे क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही हा देश लहान. त्यामुळे किनाऱ्यावरून तासाभरात माणूस डोंगरात पोचतो. आम्ही उतरलो ते घर एका प्रौढ विधवा बाईंचे होते. वरच्या तीन खोल्या त्या पाहुण्यांना देत. आईचा ओढलेला चेहरा पाहून त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, 'तेतांचा उपवास आहे का?' तेता म्हणजे आजी. मुलीने, आजी मांस, मासे, अंडी काहीच खात नाही, असे समजावल्यावर बाईंचा चेहरा उजळला. 'म्हणजे सियामी!' त्या म्हणाल्या, 'मग माझ्यासारखेच की!'

तो पवित्र सप्ताह होता. लेबनॉनमध्ये अठरा धर्मपंथांना अधिकृत मान्यता आहे. त्यांतल्या ख्रिस्ती पंथांत मारोनाइट सर्वांत मोठा. ईस्टरपूर्वीच्या सुमारे सात आठवड्यांत जुन्या वळणाची मारोनाइट माणसे मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. 'सियाम' म्हणजे उपवास, आणि त्या काळात चालणारे ते 'सियामी'. रमजानच्या रोजालाही अरबीत हाच शब्द आहे. शतकानुशतकांच्या या उपवासांतून एक अख्खे शाकाहारी पाकशास्त्र तयार झाले. उपवास ख्रिस्त्यांचा असला, तरी पदार्थ सर्वांचेच आहेत. कारण डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरी, मग तो द्रूझ असो वा मुसलमान, मांस शिजायचे ते सणासुदीलाच.

बाईंनी आम्हांला दुसरा शब्द शिकवला तो 'बिझ्झेत', म्हणजे 'तेलातले'. द्राक्षपानांच्या सुरळ्या दोन प्रकारच्या असतात. मांसाच्या असतात त्या गरम वाढतात. तांदूळ, टोमॅटो, पुदिना आणि लिंबाच्या असतात त्या ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात. या दुसऱ्या बिझ्झेत. आमच्या पहिल्या रात्रीचा सारा अनर्थ या एका शब्दाच्या अज्ञानातून झाला होता. श्रावणघेवड्याच्या शेंगा टोमॅटोत मंद शिजवल्या की त्या लुब्ये बिझ्झेत. रानातली कडू पालेभाजी उकडून, पिळून, वर कुरकुरीत तळलेला कांदा पेरला की हिंदबे बिझ्झेत. या देशात फिरणाऱ्या शाकाहारी माणसाने 'व्हेज' म्हणण्यापेक्षा हे दोन शब्द पाठ करावेत.

त्या संध्याकाळी आई प्रथमच पोटभर जेवली. पानात मजद्दरा होता: मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवलेले आणि वर जवळजवळ काळा होईस्तोवर परतलेला कांदा. आईने पहिला घास घेऊन निर्णय दिला, 'खिचडीच आहे, फोडणी वरून घातलीय.' दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, बाईंनी 'किब्बेत राहेब' केली. राहेब म्हणजे मठातला साधू. किब्बे हा लेबनॉनचा राष्ट्रीय पदार्थ बुरगुल आणि मांस एकत्र कुटून होतो. साधूच्या किब्बेत मांस नसते. बुरगुल आणि पिठाच्या छोट्या गोळ्या मसुराच्या आंबट सारात शिजवतात. आपल्या वरणफळांची आठवण व्हावी असा प्रकार. अशा बिनमांसाच्या किब्ब्यांना तिकडे 'किब्बे हीले', म्हणजे लबाड किब्बे, असेही म्हणतात.

बुरगुलाविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्याला सर्रास 'दलिया' म्हणून मोकळे होतात. दलिया म्हणजे कच्चा गहू भरडलेला. बुरगुलासाठी गहू आधी उकडतात, मग उन्हात वाळवतात आणि मगच भरडतात. कोकणातल्या माणसाला हे उकड्या तांदळावरून लगेच कळेल. एकदा उकडलेला असल्यामुळे बारीक बुरगुल नुसता भिजवूनही खाता येतो, आणि म्हणूनच तबूले ही कोशिंबीर शक्य होते. लापशीच्या रव्याचे तबूले दातांखाली कचकचते. हा अनुभव आम्ही पुण्यात परतल्यावर घेतला. शिवाय तबूले ही बुरगुलाची कोशिंबीर नव्हेच. ती पार्सलीची. जुडीच्या जुड्या धारदार सुरीने बारीक चिरायच्या, त्यात पुदिना, टोमॅटो, कांदा, भरपूर लिंबू आणि तेल; बुरगुल केवळ ओंजळभर, सुटलेला रस शोषायला. मिक्सरला लावाल तर चटणी होईल.

गुड फ्रायडेच्याच दुपारी बाई आईला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेल्या. मागोमाग आम्हीही गेलो. लेबनीज जेवण खऱ्या अर्थाने मला कळले ते तिथे. भिंतीभर फळ्या, त्यांवर बरण्या. मिठाच्या पाण्यातली द्राक्षाची पाने. दोऱ्यात ओवून वाळवलेली कोवळी भेंडी. अक्रोड, लाल मिरची आणि लसूण भरून तेलात बुडवलेली चिमुकली वांगी, म्हणजे मकदूस. डाळिंबाचा आटवलेला आंबटगोड रस, नारिंगाच्या फुलांचे पाणी, ऑलिव्ह तेलाचे पत्र्याचे डबे. खाली कापडी पिशव्यांत बुरगुल, मसूर, काबुली चणे. या साऱ्याला मिळून 'मूने' म्हणतात. डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडते, वाटा बंद होतात. त्या चार महिन्यांसाठी उन्हाळा-शरदात करून ठेवलेला साठा. मुलगी इंटरनेटवर त्याचा अर्थ शोधत होती, तेवढ्यात आई म्हणाली, 'अगं, बेगमी!'

मराठीत याहून नेमका शब्द नाही. सांडगे, कुरडया, आमसुले, फणसाची साठे, मिठातल्या कैऱ्या यांनी भरलेली कोकणातली माजघरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या खोलीत परके वाटले नसते. चव निराळी, तर्क तोच. आमच्याकडे पाऊस, त्यांच्याकडे बर्फ.

मग दोघी भाषेवाचून बोलत राहिल्या. बाईंनी गर्द लाल भरड पूड आईच्या तळहातावर ठेवली. सुमाक. एका झुडपाची फळे वाळवून कुटलेली ही पूड लिंबाच्या आंबटपणाहून सौम्य, किंचित तुरट लागते. आईने पिशवीतून आमसूल काढून त्यांच्या हातावर ठेवले. रानातला झातर (ओव्याच्या जवळपास जाणारा सुगंधी पाला), सुमाक, भाजलेले तीळ आणि मीठ यांचे मिश्रणही 'झातर' या नावानेच ओळखतात. ते तेलात कालवून भाकरीवर पसरून भाजले की मनकूशे, म्हणजे लेबनॉनची न्याहारी. २०२३ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. परीक्षेच्या दिवशी झातर खाल्ल्याने बुद्धी तल्लख होते, असे तिकडच्या आया मुलांना सांगतात. 'महिनाभर उशीर झाला,' मुलगी म्हणाली.

एका बरणीत पिवळसर पीठ होते. त्याचे नाव किश्क. दह्यात बुरगुल भिजवून आठवडाभर आंबवायचे, मग गच्चीवर चादरी अंथरून उन्हात वाळवायचे, तळहातांनी चोळून चाळायचे. हिवाळ्यात लसूण परतून त्यावर हे पीठ आणि पाणी घातले की कढीसारखे सार होते. बाईंनी ते आईसाठी केले; त्यांना स्वतःला दूध वर्ज्य, त्यामुळे मीठ बरोबर आहे की नाही हे आईलाच सांगावे लागले. लबने पाहून तर आई हसलीच. तेच फडके, तीच गाठ, तोच रात्रभर टांगलेला चक्का. फक्त आपण साखर घालून श्रीखंड करतो आणि ते मीठ आणि तेल घालून पोळीबरोबर खातात.

पुढे आम्ही बिका खोऱ्यातल्या झाहलेलाही गेलो. बर्दौनी नदीकाठच्या उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराला युनेस्कोने २०१३ मध्ये पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून निवडले. टेबल दिसेनासे होईल इतक्या मज्झेच्या बशा आल्या. जेवण उत्तम होते, पण जिन्याखालची खोली पाहिलेल्याला ते सारे त्या खोलीचेच शहरी रूप वाटत राहिले.

हम्मस कोणाचा, यावर लेबनॉन आणि इस्रायल यांच्यात रंगलेला वादही तिथेच ऐकला. वास्तविक अरबीत हम्मस म्हणजे नुसता चणा, आणि चणा-तिळाची ही चटणी त्या साऱ्या टापूत होते. परंतु ग्रीसला 'फेटा' या चीजच्या नावावर युरोपात हक्क मिळाल्यावर लेबनॉनच्या उद्योजकांनाही तशीच आशा वाटू लागली. मे २०१० मध्ये लेबनीज बल्लवांनी विक्रमी हम्मस केला. त्याचे वजन १०,४५२ किलो, देशाच्या चौरस किलोमीटरांइतके! चटणीतून नकाशा काढण्याची ही हौस मला थोडी केविलवाणी वाटली होती. तिच्यामागची असुरक्षितता नंतर समजली.

आम्ही परतल्यावर सहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, लोक रस्त्यांवर उतरले. आम्ही होतो तेव्हा डॉलरला दीड हजार लिरा मिळत. त्या लिराने पुढच्या काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक मोल गमावले आणि बँकांतल्या ठेवी अडकून पडल्या. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसे गेली आणि देशाची धान्यकोठारेही उद्ध्वस्त झाली. बहुतांश गहू आयात करणाऱ्या देशाची ही कोठारे! २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि तिकडून येणारा गहूही अडला. २०२३-२४ च्या लढाईत दक्षिणेकडे अनेकांना ऑलिव्हच्या बागांत तोडणीलाही जाता आले नाही.

या डोंगरांना उपासमार नवी नाही. पहिल्या महायुद्धात नाकेबंदी आणि टोळधाड यांमुळे पडलेल्या दुष्काळात, १९१५ ते १९१८ दरम्यान, माउंट लेबनॉनची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या दगावल्याचे मानले जाते. भरलेल्या फळ्यांकडे पाहताना बाईंनी आपल्या आजीची एक सवय सांगितली होती. बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्यावरही म्हातारी शेवटची पिशवी उघडू देत नसे.

स्फोटानंतर मुलीने बाईंना निरोप पाठवला. गाव लांब असल्याने घर शाबूत होते. बैरुतमधला भाचा सहकुटुंब राहायला आला होता. सप्टेंबरात त्यांनी गच्चीचे छायाचित्र पाठवले. चार चादरींवर किश्क वाळत होता. यंदा दुप्पट घातला आहे, असे त्यांनी लिहिले होते. आईने चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिले आणि मुलीला म्हणाली, 'विचार त्यांना, रात्री दव पडतं का तिकडे? पडत असेल तर म्हणावं, संध्याकाळी चादरी आत घ्या.'