न बोललेलं वाक्य

१९९६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. सोमवारची गर्दी, आणि एक बाई नवऱ्याची ठेवपावती घेऊन समोर उभ्या. नवरा महिन्यापूर्वी गेलेला. ठेवीवर नॉमिनी म्हणून दिराचं नाव. लग्नाआधी घातलेलं, पुढे दर नूतनीकरणात तसंच राहिलेलं. दीर आदल्या आठवड्यातच रक्कम घेऊन गेले होते. सही माझीच होती.

‘‘साहेब, म्हणजे हे पैसे यांचे नव्हतेच का?’’ बाईंनी विचारलं.

‘‘सगळं नियमाप्रमाणे झालंय,’’ मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी होते. पण नॉमिनी त्या पैशाचा मालक होत नाही. वारसांच्या वतीने रक्कम हाती घेणारा तो नुसता विश्वस्त. ‘तुम्ही दिरांकडे तुमचा हिस्सा मागू शकता,’ हे एक वाक्य मी बोललो नाही. मागे रांग होती, आणि खातेदारांच्या घरच्या भांडणात पडू नये, हे आमच्या अंगात भिनलेलं. बाई पावती पदराखाली घेऊन निघून गेल्या.

परवा कॅलिफोर्नियाहून भाचा आला. ‘‘मामा, तुम्हीही लिव्हिंग ट्रस्ट करून टाका,’’ म्हणाला. त्याने घर आणि गुंतवणूक हयातीतच ट्रस्टच्या नावे केली आहे. विश्वस्त तोच, उपभोग त्याचाच, मोडायची मुभाही त्यालाच. त्याच्यामागे नेमलेला विश्वस्त प्रोबेटसाठी कोर्टात न जाता वाटप करील. तिकडे प्रोबेट म्हणजे महिनोन्‌महिने आणि वकिलाची फी. मात्र जे ट्रस्टच्या नावे करायचं राहून गेलं, ते बहुधा पुन्हा कोर्टाच्याच दारात.

आपल्याकडे खासगी ट्रस्टचा कायदा १८८२ पासून आहे. पण राहतं घर त्यात घालायचं तर दस्ताची नोंदणी आली, मुद्रांक शुल्क आलं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं, तीही सक्ती डिसेंबर २०२५ मध्ये गेली. तेव्हा निव्वळ प्रोबेट टाळायला ट्रस्ट, हा हिशेब इथे फारसा जुळत नाही. ज्यांचं अपत्य स्वतःचे व्यवहार पाहू शकत नाही, त्या आईबापांनी मात्र ट्रस्टचा विचार जरूर करावा. साधं मृत्युपत्र पैसे हाती देऊन मोकळं होतं. ट्रस्टमध्ये विश्वस्त ते वर्षानुवर्षं सांभाळून त्या मुलासाठी खर्च करतो.

भाच्याला मी नाही म्हटलं. रात्री मात्र कपाट उघडलं. मृत्युपत्र जागेवर होतं; पण एका जुन्या ठेवीवर नॉमिनी म्हणून आईचं नाव. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. जन्मभर लोकांच्या पावत्या तपासणाऱ्या माणसाची ही तऱ्हा!

सकाळी बायकोला घेऊन बँकेत गेलो. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी ठेवता येतात. मी एकच नाव लिहिलं, तिचं. तिने फॉर्म वाचला आणि विचारलं, ‘‘म्हणजे हे माझे झाले?’’

‘‘नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे,’’ मी म्हणालो. ‘‘तुझे आहेत ते मृत्युपत्रात लिहिलंय म्हणून.’’

ते वाक्य बोलायला मला तीस वर्षं लागली. आणि ज्यांना ऐकायला हवं होतं, त्या बाई समोर नव्हत्या.