तिरंगी भाटीचे कोडे

मांडवीच्या आसपासच्या पोळांतून किंवा दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांतून काळ्या, तांबूस आणि पांढऱ्या ठिगळांचे मांजर फिरताना दिसले, तर ती बहुतकरून भाटीच असते. तिरंगी बोका सहसा कोणाच्या पाहण्यात येत नाही. ज्या घरांत मांजरांच्या चार-सहा पिढ्या नांदल्या, तेथील वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. त्यामागचे कारण मात्र विज्ञानाला सावकाश उलगडले.

मादीच्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात. नरात एकच, आणि जोडीला तोकडे वाय. मांजराचा तांबूस रंग या एक्सवर अवलंबून आहे. बोक्याजवळ एकच एक्स, तेव्हा तो तांबूस तरी होतो, नाहीतर काळा तरी. भाटीकडे दोन असल्यामुळे एकावर तांबूस आणि दुसऱ्यावर काळा, असा संसार होऊ शकतो. पांढरा रंग निराळ्या जनुकाचा. त्याला नर-मादी हा भेद नाही. क्वचित एखादा बोका दोन एक्स आणि एक वाय घेऊन जन्माला येतो आणि तिरंगी निघतो. पण त्याला बहुधा संतती होत नाही.

मग दोन रंगांची मिसळ न होता ठिगळे का पडतात? इंग्लंडमधील मेरी लायन या विदुषीने १९६१ साली उंदरांच्या अभ्यासावरून याचे उत्तर सुचविले. गर्भ अगदी लहान असतानाच मादीची प्रत्येक पेशी दोन एक्सपैकी एक मिटून टाकते. कोणता, ते नशिबावर! पुढे त्या पेशीची सारी प्रजा तोच निर्णय पाळते. म्हणून एकसारख्या दोन तिरंगी भाट्या सापडत नाहीत. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात एका तिरंगी भाटीच्या पेशीपासून तिची प्रतिकृती जन्माला घालण्यात आली. ती आईसारखी तिरंगी झालीच नाही. तिच्या अंगावर तांबूस केस आलेच नाहीत!

तांबूस रंगाचे नेमके मूळ २०२५ साली प्रसिद्ध झाले. जपानातील क्यूशू आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मंडळींनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक्सवरील पाच हजारांच्या आसपास अक्षरांचा एक तुकडा गळालेला असल्याचे दाखविले. जपानी संशोधनाला मांजरप्रेमी सामान्य लोकांनी वर्गणी दिली होती, हे विशेष.

पट्ट्यांचा मामला वेगळा. अंगावरचे सरळ बारीक पट्टे मोडून त्यांची जाड वळणे कशी होतात, याचे जनुक २०१२ साली हाती लागले. त्याच जनुकात फरक पडला, की आफ्रिकेतल्या चित्त्याचे ठिपके एकमेकांत मिसळून पाठीवर रुंद पट्टे उमटतात. गायकवाडी दरबारात शिकारी चित्ते पाळले जात, म्हणून बडोदेकरांना त्या प्राण्याचे अप्रूप अधिक. ओडिशातील सिमलीपालचे काळसर वाघही याच जनुकातील फरकामुळे तसे दिसतात, असे बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखविले. चुलीपाशी अंग शेकणारी पट्टेवाली आणि जंगलातला तो काळा वाघ यांच्यामध्ये एवढे जवळचे नाते असेल, असे कोणाला वाटले असते?

आता घरातल्या पिल्लांकडे येऊ. तिरंगी भाटी व्याली, की तिच्या बोक्यांपैकी सरासरीने निम्मे तांबूस आणि निम्मे काळे किंवा काळपट पट्ट्यांचे निघतात. तांबड्या पिल्लाला शेजारीपाजारी मागणी असते. काळ्याचे नशीब पुष्कळ घरी वाईट! आडवे जाईल, या भीतीने त्याला पिशवीत घालून दूर कोठेतरी सोडून येतात. एकाच आईचे हे दोन मुलगे. एकाला तिचा हा एक्स मिळाला, दुसऱ्याला तो. गंमत पुढेच आहे. त्या सोडून दिलेल्या काळ्या बोक्याची गाठ एखाद्या तांबूस भाटीशी पडली, तर त्यांच्या जवळजवळ साऱ्या लेकी तांबूस-काळ्या होतात, आणि आईबापांपैकी कोणाकडून पांढरा मिळाला, की तिरंगी. मग त्याच पिल्लांना पाहून, ही लक्ष्मी आम्हाला द्या हो, असे म्हणणारे लोक दारात येतात.