कारागृह शिपाई व्हायला काय लागते?



आमच्या वसतिगृहातील काही मुले-मुली तुरुंग खात्याच्या भरतीची तयारी करतात, हे कळल्यावर एका मंडळीतील वडीलधाऱ्या बाईंनी मला विचारले, "भाऊ, शिक्षक करा, नर्स करा. पोरांना तुरुंगात कशाला पाठवता?" प्रश्न रास्त आहे. आधी या नोकरीला काय लागते ते सांगतो, मग त्यांच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या राज्यात या पदाचे नाव कारागृह शिपाई. गावाकडे लोक जेल पोलीस म्हणतात. भरती पोलीस भरतीबरोबरच निघते, पण अर्ज वेगळा भरावा लागतो. जिल्हा पोलिसांचा अर्ज भरला म्हणजे हाही भरला, असे समजून दरवर्षी कोणीतरी बसते. शिक्षण बारावी उत्तीर्ण. शाखा कोणतीही चालते. वय १८ ते २८, आणि अनुसूचित जमातींसाठी पाच वर्षांची सवलत, म्हणजे ३३ पर्यंत. उंची मुलांची १६५ सेंटिमीटर, मुलींची १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त भरली पाहिजे. पदवी लागते ती वरच्या तुरुंगाधिकारी पदासाठी. तरी प्रत्येक वेळी जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणे, मुलींना ८०० मीटर. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सातपुड्याचे चढ चढून शाळेत आलेल्या पोरांना धावण्याची भीती नाही. १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत पुरे केले की २० पैकी २० गुण, आणि तिथे आमची मुले मागे राहत नाहीत. अडतात गोळ्यापाशी. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा चार किलोचा. तो नुसत्या ताकदीने जात नाही, मानेपाशी धरून अंगाचा जोर लावायचा असतो, आणि ते कोणीतरी शिकवावे लागते. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना दगडावर सराव करायला लावला. ती माझी चूक होती. दगडाने हाताला भलतीच सवय लागली.

मग १०० गुणांची लेखी परीक्षा, ९० मिनिटांची, मराठीतून. गणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान व चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठी ही शाळेत भेटलेली भाषा आहे. समास आणि प्रयोग त्याला इंग्रजीइतकेच परके. गणितात चांगले गुण घेणारी मुले व्याकरणात खाली येताना मी पाहिली आहेत.

पण खरी अडचण परीक्षेत नाही, कागदात आहे. आमचा एक मुलगा मैदानात आणि लेखी परीक्षेत दोन्हीकडे निवडीत बसला. कागद तपासताना निघाले की शाळेच्या दाखल्यावर त्याचे आडनाव एक आणि वडिलांच्या दाखल्यावर दुसरे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. जन्मतारीखही १ जून, आमच्या निम्म्या मुलांची असते तशी. आजोबांच्या शाळेची नोंद शोधायला आम्ही तीन गावे फिरलो. नोंद सापडली, पण मुदत टळून गेली होती. त्या दिवशी तो काही बोलला नाही. जेवणाची पंगत बसली तेव्हा वाढायला उभा राहिला, स्वतः जेवला नाही. सध्या तो नाशिककडे द्राक्षबागेत कामाला आहे. वय २६, अजून वेळ आहे.

म्हणून आता अकरावीत मूल आले की आम्ही आधी कागदाला हात घालतो. प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला आणि अधिवासाचा दाखला तर हवाच. जमातीच्या दाव्याची पुढे पडताळणी समितीकडे वैधता तपासली जाते, आणि तिथे १९५० च्या आधीच्या नोंदींना फार वजन असते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची जुनी नोंद, जुना सातबारा. रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत सोन्यासारखी जपावी.

याच ठिकाणी आपल्या मंडळ्यांतील एक भीती बोलून टाकतो. ख्रिस्ती असल्यामुळे दाखला जाईल, असे अनेक पालकांना वाटते, आणि काही जण मुलाचा धर्म लपवायला बघतात. तसे करू नये. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. ती अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. खोटे लिहिले तर मात्र दाखला खरोखर जाऊ शकतो.

आता त्या बाईंचा प्रश्न. देशातील तुरुंगांत चारांपैकी सुमारे तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ कलमाप्रमाणे, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याच्या जामिनासाठी तुरुंग अधीक्षकाने न्यायालयाला लेखी कळवायचे असते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, आणि एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यांना हे लागू नाही. पण धडगावकडच्या ज्या माणसाला मराठी धड येत नाही, त्याला हे सांगणार कोण? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. निकाल दिल्लीत लागला. तो पाळला जातो की नाही, हे बराकीपाशी उभ्या असलेल्या शिपायावरही ठरते. आपण नाताळात केक घेऊन तुरुंगात जातो, तासाभराने परत येतो. शिपाई तिथे रोज असतो. तो पावरी बोलणारा असेल, तर आतल्या माणसाला निदान विचारायला कोणी आहे. मुलींच्या बाबतीत हे आणखी खरे, कारण स्त्री कैद्यांच्या विभागात स्त्री कर्मचारीच लागतात.

येत्या भरतीसाठी अकरा मुले आणि सहा मुली तयारी करत आहेत. दर शनिवारी दोन तास मराठी व्याकरण शिकवायला एखादे निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका हव्या आहेत. राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू. चार किलोचे दोन गोळे हवेत. कारागृहाची मैदानी चाचणी आपल्या जिल्ह्यात होत नाही, लांबच्या शहरात जावे लागते, तेव्हा एसटीचे भाडे आणि एका रात्रीचा मुक्काम. त्या शहरांतील मंडळ्यांनी सभागृहात झोपायला जागा आणि सकाळचा चहा दिला, तरी आमचा मोठा खर्च वाचेल. गेल्या खेपेला मुले बसस्थानकावर झोपली आणि पहाटे पाचला मैदानावर उभी राहिली.