अस्सलबरहुकूम प्रथिन

बंगळूरच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड हे म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी १८८२ साली दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसले. आज तेथे संगणकाच्या कचेऱ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी जीवशास्त्राचे काम करणाऱ्या संस्थाही. अशा कामात लागणाऱ्या एका वस्तूविषयी आज बोलावयाचे आहे. दिसावयास ती लहानशा कुपीच्या तळाशी असलेली किंचित पांढरी भुकटी. हे उंदराचे प्रथिन. पण उंदराच्या शरीरातून काढलेले नव्हे.

उंदराचेच का? इंटरफेरॉन-गॅमा हे रोगप्रतिकारक पेशींचे निरोप्या प्रथिन माणसात आहे तसे उंदरातही आहे. परंतु माणसाचा निरोप उंदराच्या पेशींना कळत नाही. तेव्हा प्रयोग उंदरावर, तर प्रथिनही त्याचेच हवे. त्याच्या इवल्याशा देहातून ते पुरेसे मिळावयाचे नाही. म्हणून त्याचे जनुक ई. कोलाय या जंतूत घालून त्याच्याकडून प्रथिन बनवून घेतात. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिनाचे सहा दुवे जोडलेले असले, की निकेलयुक्त कणांनी भरलेल्या नळीत ते अडकते आणि जंतूची बहुतेक इतर प्रथिने वाहून जातात. मग इमिडाझोलचे द्रावण सोडून ते मोकळे करावयाचे.

नकलेवर ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा मारला, की आम्हा दप्तरी माणसांचे काम संपते. येथे तेवढ्याने भागत नाही. जंतूच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विष प्रथिनाबरोबर चोरपावलांनी येते, आणि त्याच्या अत्यल्प अंशानेही भक्षक पेशी खवळतात. एचएसपी-७० या मानवी प्रथिनाची हकीकत अशीच आहे. त्याने भक्षक पेशी उद्दीपित होतात, असे निबंध प्रसिद्ध झाले होते. २००३ साली दाखविण्यात आले, की जंतूंकडून बनवून घेतलेल्या त्या प्रथिनाचा उंदराच्या भक्षक पेशींवर दिसणारा परिणाम त्यात मिसळलेल्या एंडोटॉक्सिनाचा होता. प्रयोग करणारे प्रामाणिक होते; कुपी तेवढी शुद्ध नव्हती.

हे विष ओळखण्यासाठी नालखेकड्याच्या रक्ताचा अर्क वापरतात; विषाच्या संपर्काने तो गोठतो. या प्राण्याचे भाईबंद आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडतात. याहून साधी एक पडताळणी विद्यार्थ्यालाही करता येते. थोडे प्रथिन उकळून पाहावे. उष्णतेने बहुतेक प्रथिने निकामी होतात, एंडोटॉक्सिन मात्र टिकते. उकळल्यावरही पेशी तशाच खवळल्या, तर निष्कर्ष लिहिण्यापूर्वी कुपी बदलावी.