लंबूटांग हिरो

मी चौथीत असतानाची गोष्ट. आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. खेळ सुरू झाला आणि पडद्यावर हिरो आला तो बांबूसारखा लंबूटांग! त्याचा घोडासुद्धा जिराफाचा भाऊ. तंबूत शिट्ट्याच शिट्ट्या. ऑपरेटरने धावपळ करून प्रोजेक्टरपुढे आणखी एक भिंग बसवलं. चित्र झटकन दोन्ही बाजूंना पसरलं आणि हिरो पुन्हा माणसात आला.

बालमित्रांनो, त्या भिंगाने काय केलं असेल? घरातला चकचकीत, सरळ उभा स्टीलचा पेला घ्या आणि त्यात तोंड बघा. उंची तेवढीच, पण चेहरा काकडीसारखा अरुंद! कारण पेला आडवा गोल आहे, वर-खाली मात्र सरळ. (माझ्या वर्गात हा प्रयोग केला, तेव्हा पुढचा तास हसण्यातच गेला.) असंच एकाच दिशेने वळलेलं भिंग कॅमेऱ्याला लावलं, की रुंद देखावा निम्म्या रुंदीत दाबला जाऊन नेहमीच्या ३५ मि.मी. फिल्मवर मावतो. दाखवताना प्रोजेक्टरवरचं भिंग त्याला पुन्हा दुप्पट पसरवतं. हेच सिनेमास्कोप!

ही युक्ती आंरी क्रेतियां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीची रचनासुद्धा त्यांनी आणि अमेरिकेच्या जॉर्ज रिची यांनी शोधलेल्या पद्धतीची आहे, बरं का! सिनेमाचं भिंग त्यांनी १९२७ च्या सुमारास बनवलं. पण तेव्हा हवा होती बोलपटांची. रुंद पडद्याचं कौतुक कुणाला? भिंग पंचवीसेक वर्षं जवळजवळ पडूनच राहिलं.

मग अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडू लागली. आता घरच्या डब्यात मावणार नाही असं काहीतरी दाखवायला हवं! १९५२ साली फॉक्स कंपनीचे प्रमुख स्पायरॉस स्कूरास यांनी क्रेतियां यांना गाठलं. १९५३ मध्ये 'द रोब' हा सिनेमास्कोप चित्रपट झळकला. क्रेतियां तेव्हा ७४ वर्षांचे होते.

पण एक घोटाळा झाला. नट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, की भिंग त्याला पुरतं दाबत नसे. प्रोजेक्टर मात्र इमानदारीने दुप्पट पसरवी. मग देखण्या नटीचेही गाल फुगलेले! तिकडचे लोक त्याला चक्क गालगुंड म्हणायचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पॅनाव्हिजन कंपनीच्या भिंगांनी ते गालगुंड बरं केलं.

आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्त यांनी 'कागज के फूल' सिनेमास्कोपमध्ये काढला. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. चित्रपट चालला नाही, पण त्यातला उजेड पाहाच.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही कधीकधी अशी भिंगं लावतात. ओळखायचं कसं? रात्रीच्या प्रसंगात मागचे धूसर दिवे बघा. ते गोल न दिसता उभ्या अंड्यासारखे दिसले, तर बहुधा तेच भिंग!