काम गेले, मान उरला : जुन्नर-आंबेगावच्या वतनदारीचा मागोवा

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. रब्बीचे पीक घरात आलेले असते, मुंबईला गेलेली माणसे गावी परततात, घाटात बैलगाडे पळतात आणि रात्री तमाशाची कनात लागते. या गर्दीत एक क्षण असा येतो की, सगळा गाव थांबतो. पालखी उचलायची असते, पण विशिष्ट घराचा माणूस आल्याशिवाय ती उचलली जात नाही. कुठे पहिला नारळ एका घराचा असतो, कुठे पहिला विडा. हा माणूस सरपंच नसतो, आमदारही नसतो. अनेकदा तो पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करणारा साधा गृहस्थ असतो. त्याला विचारले तर उत्तर एवढेच मिळते, "आमचा मान आहे."

मान म्हणजे नेमके काय? तो कोणी दिला, कशाबद्दल दिला, आणि ज्याबद्दल दिला ते काम संपल्यावरही तो टिकला कसा? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण वतनसंस्थेच्या दारात येऊन उभे राहतो.

वतन हा अरबी शब्द. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्यासोबतचे उत्पन्न. गावपातळीवर पाटील आणि कुलकर्णी, परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे, पेठेत शेटे आणि महाजन अशी ही रचना होती. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी त्याचा लेखनिक. देशमुख परगण्यातल्या पाटलांचा प्रमुख, देशपांडे परगण्याच्या हिशेबाचा धनी. राज्य बहमनींचे असो, निजामशहाचे असो, मोगलांचे असो की मराठ्यांचे, ही माणसे जागची हलत नसत. राजा बदलला की नव्या राजाकडून जुनीच सनद नवी करून घ्यायची, हा शिरस्ता होता.

जुन्नरच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. नाणेघाटाच्या वाटेवरचे हे शहर सातवाहनांच्या काळापासून व्यापारी मार्गावर होते. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने आपला जम इथेच बसवला आणि पुढे मलिक अंबरच्या काळात काही वर्षे निजामशाहीची राजधानीही इथे होती. मग मोगल आले. इतकी राज्ये डोक्यावरून गेली, तरी नांगर धरणारा कुणबी ज्याच्याकडे सारा भरत होता तो पाटील तोच राहिला. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात महादेव कोळ्यांच्या नाईकांची वेगळी व्यवस्था होती. कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात या समाजाची माहिती लिहून ठेवली. तिच्यानुसार बावन्न मावळांत प्रत्येकी एक नाईक असे आणि या नाईकांवरचा सरनाईक जुन्नरला असे.

या वतनाचे मोल किती होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण जुन्नरचेच आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १६५०च्या सुमारास मोगल बादशहा शाहजहानकडे एक मागणी केली होती. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ती नोंदवली आहे. मागणी होती जुन्नर आणि अहमदनगर या प्रांतांतील देशमुखीच्या हक्काची. बादशहाने ती दिली नाही, विचार करू म्हणून पुढे ढकलली. पण मागणीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. प्रदेश मोगलांच्या ताब्यात आहे हे मान्य ठेवून त्यातल्या वंशपरंपरागत हक्कावर दावा सांगायचा, म्हणजे त्या मातीशी आपले नाते बादशहाच्या आधीचे आहे असे सांगणे होते. पुढे १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून सनदा आणल्या, तेव्हा त्यांत दक्षिणेच्या सहा सुभ्यांची सरदेशमुखीही होती, म्हणजे महसुलावर शेकडा दहाचा हक्क. छत्रपतींनाही वतनदार म्हणवून घेणे कमीपणाचे वाटत नव्हते. दिल्लीच्या बादशहाचा कारभार ज्यांच्या हाती आला, ते महादजी शिंदेही स्वतःला पाटील म्हणवण्यात भूषण मानत.

मात्र त्याच शिवाजी महाराजांना वतनदारांचा धोकाही पुरता ठाऊक होता. सभासदाच्या बखरीत याचे वर्णन आहे. देशमुख-पाटलांनी गावोगाव वाडे, हुडे, कोट बांधले होते, रयतेकडून मनाला येईल तसे वसूल करून दिवाणात थोडेच भरत होते. महाराजांनी ते कोट पाडले आणि वतनदारांचा हक्क ठरवून दिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांवर स्वतंत्र विवेचन आहे. त्याचा आशय असा की, हे लोक नावाला चाकर, पण वास्तविक राज्याचे लहान वाटेकरीच. त्यांना मोडूही नये आणि वाढूही देऊ नये.

आता मानाकडे वळू. पाटलाचे काम सोपे नव्हते. गावचा सारा ठरवताना सरकारशी घासाघीस करायची, पडीक जमिनीवर कुळे आणून बसवायची, चोरीचा माग काढायचा, तंटे मिटवायचे. गावाचा सारा थकला तर जामीन म्हणून पाटलालाच धरून नेत. या जोखमीचा मोबदला तीन प्रकारांनी मिळे. पहिला इनाम जमीन. दुसरा हक्क, म्हणजे धान्यातला वाटा, तेल्याकडचे तेल, चांभाराकडचा जोडा अशी ठरलेली देणी. आणि तिसरा मानपान. होळीची पूजा आधी कोणी करायची, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, दसऱ्याला सोने लुटण्याचा अग्रमान कोणाचा, लग्नात पहिला विडा कोणाला, कागदावर पहिले नाव कोणाचे, हे सारे वतनाचा भाग म्हणून लिहून ठेवलेले असे. पाटील कागदावर सही म्हणून नांगराची निशाणी करी.

आज मानपान म्हटले की, रुसलेले व्याही आठवतात. पण वतनपत्रांत मानपानाला रोकड किंमत होती. पाटीलकी विकता येत असे, निम्मी विकता येत असे, भावाभावांत वाटता येत असे. निम्मी पाटीलकी विकली की खरेदीखतात जमीन आणि हक्कांसोबत मानही वाटून लिहिला जाई. एकाने होळीला आधी पूजा करायची, दुसऱ्याने पोळ्याला आधी बैल काढायचा, अशा तपशिलात. त्यावरून भांडणे होत आणि ती गोतसभेपुढे जात. गोतसभा म्हणजे गावचे आणि शेजारच्या गावांचे वतनदार, बलुतेदार आणि सरकारी अधिकारी यांची एकत्र बैठक. तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. साक्षी-पुराव्याने निकाल लागला नाही तर वादी दिव्याला उभा राही. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी हात भाजला की नाही ते पाहून निकाल द्यायचा. पहिल्या पूजेच्या हक्कासाठी माणसे उकळत्या तेलात हात घालत होती. इतिहासाचार्य राजवाडे आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी प्रसिद्ध केलेल्या कागदांत असे कितीतरी तंटे सापडतात. मराठी गावाचा इतिहास आपल्याला बराचसा कळतो तो या भांडकुदळ पूर्वजांमुळे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुणे जिल्हा इंग्रजांकडे आला. सुरुवातीला त्यांनी वतनदारांना दुखावले नाही, कारण गावाची माहिती त्यांच्याचजवळ होती. पण पुढे जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक शेतकऱ्याचा सारा वेगळा ठरला आणि पगारी मामलेदार-महालकरी नेमले गेले. परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना काम उरले नाही. तेव्हा १८६०नंतरच्या दशकात सरकारने त्यांच्याशी तडजोड केली. चाकरी माफ, उत्पन्नातला काही भाग सरकारला, बाकीचे वतन घराण्याकडे. वतन चालू आणि काम बंद, अशी स्थिती इथेच प्रथम आली. १८७४च्या वतन कायद्याने उरलेल्या वंशपरंपरागत अधिकारांची चौकट पक्की केली. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला, तेव्हा वतनदारीचा हा गाडा कसा कुरकुरतो आहे हेच त्यांना दाखवायचे होते.

या गाड्याच्या चाकाखाली कोण होते, हेही सांगितले पाहिजे. महारकीसुद्धा वतनच होते. पण त्या वतनात मान जवळजवळ नव्हता आणि काम मात्र अमर्याद होते. सरकारी खजिना पोहोचवणे, सांगावे नेणे, गावची सीमा दाखवणे, मेलेली जनावरे ओढणे, आणि हे सारे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी. गावच्या सीमेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, पण त्याच गावाच्या देवळाची पायरी त्याला चढता येत नसे. पाटलाला वतनाने प्रतिष्ठा दिली, महाराला वतनाने बांधून ठेवले. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. मानाचा इतिहास सांगताना ही बाजू वगळली तर तो इतिहास अर्धाच राहतो.

स्वातंत्र्यानंतर एकेक वतन कायद्याने संपले. परगणा व कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने, महारकीसह कनिष्ठ ग्रामवतने १९५८च्या कायद्याने, आणि मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्याने. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हे पद राहिले, पण ते वंशपरंपरेचे नाही. सरकार त्याची नेमणूक करते, ते कोणत्याही जातीच्या व्यक्तीला मिळू शकते, आणि आज अनेक गावांत महिला पोलीस पाटील काम करत आहेत. कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला. कायद्याने जमीन, हक्क, काम यांचा हिशेब मिटवला. मानाबद्दल मात्र कायदा काही बोलला नाही. म्हणून मान उरला.

असे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्लंडमध्ये शेरिफ हे पद नॉर्मन राजांच्याही आधीचे. राजाच्या वतीने कौंटीचा महसूल गोळा करणारा, सैन्य जमवणारा, न्यायनिवाडा पाहणारा हा अधिकारी म्हणजे जवळजवळ आपला देशमुखच. शतकांच्या ओघात त्याचे एकेक काम दुसऱ्याकडे गेले आणि आज 'हाय शेरिफ' हे केवळ समारंभाचे पद आहे. दक्षिण किनाऱ्याजवळच्या वाइट बेटाला तर स्वतःचा हाय शेरिफ १९७४ साली मिळाला. त्याआधी ते बेट हॅम्पशायरच्या शेरिफच्या कक्षेत होते. म्हणजे सत्ता संपून गेल्यावरही नव्या कौंटीला हे पद हवेसे वाटले. राजा किंवा राणी चर्मपत्रावरच्या नावापुढे दाभणाने भोक पाडून निवड करते. मखमली पोशाख, कमरेला तलवार, पगार शून्य. आपल्या मुंबईतही नगरपाल, म्हणजे शेरिफ, हे पद इंग्रजांनी आणले आणि स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिले. १९८० साली दिलीपकुमार मुंबईचे शेरिफ होते.

या दोन परंपरांत एक मोठा फरक आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडच्या शेरिफचा मान एका वर्षाचा असतो. वर्ष संपले की तलवार उतरवून तो दुसऱ्याला जागा करून देतो. बाप शेरिफ होता म्हणून मुलगा होत नाही. आपला मान रक्तातून येतो. त्यामुळे तो वाटून घेताना भांडणे होतात, आणि ज्या घरांना तो कधीच नव्हता त्यांना तो आजही मिळत नाही. जत्रेची वर्गणी सगळा गाव देतो. पहिला नारळ मात्र त्याच घराचा असतो.

तरीही मान सरसकट मोडीत काढावा असे मी म्हणणार नाही. शहरात गेलेल्या माणसाला वर्षातून एकदा गावी ओढून आणणारी ही दोरी आहे. आंबेगाव तालुक्याचेच पाहा. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. पण तालुक्याचे नाव कोणी बदलले नाही. बुडालेल्या गावाला आपण दिलेला तो मानच आहे, आणि त्याबद्दल कोणाचेच भांडण नाही, कारण तो सगळ्यांचा आहे.

मान टिकवायचा तर तो असा सगळ्यांचा करता येईल का, हा खरा प्रश्न आहे. मूळ वतनात मान हा जोखमीचा मोबदला होता. सारा थकला तर पाटील धरला जाई, म्हणून पोळ्याला त्याचा बैल पुढे असे. आज गावासाठी जोखीम कोण घेतो? दुष्काळात टँकरमागे धावणारी सरपंचबाई, रात्री बिबट्याची वर्दी आली की कंदील-बॅटरी घेऊन निघणारी पोरे, शाळेची पटसंख्या टिकावी म्हणून दारोदार फिरणारे मास्तर. जुन्या घराचा नारळ फुटल्यानंतर दुसरा नारळ दरवर्षी अशा एकाच्या हाती द्यावा. गोतसभा जिवंत असती तर तिने याला हरकत घेतली नसती, कारण निम्मी पाटीलकी वाटून द्यायची सवय तिला होतीच.

आणि एक विनंती जुन्या घरांना. माळ्यावरच्या पेटीत मोडीतले कागद असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ते टाकू नका. नांगराची निशाणी असलेला तो कागद तुमच्या घराचा जेवढा आहे, तेवढाच गावाचा आहे. त्यात तुमच्या पूर्वजाच्या नावाखाली सुतार, लोहार, महार, मुलाणी अशा साऱ्यांची नावे साक्षीला असतील. ज्यांना पालखीपुढे जागा नव्हती, त्यांचे नाव कदाचित त्या एकाच कागदावर उरले असेल.